गोदाम कोणी जाळलं

भैयाजींची संत्र्यांनी तुला करायची असं ठरलं, तेव्हाच त्यांच्या बायकोनं, कुसुमताईंनी बजावलं होतं, "पंच्याहत्तर वर्सांच्या माणसाले तराजूत बसवून राहिले. कंबर धरली त मंग मले सांगू नका." पण नंदनवन कॉलनीतल्या त्या घरात कोणी कोणाचं ऐकलं असतं, तर ही गोष्ट एवढी लांबली नसती. कळमन्याच्या बाजारातून साखळ्यांचा मोठा काटा आला. अंगणात तीन बल्ल्या उभ्या करून तो टांगला आणि कन्हानच्या बागेतून आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या टोपल्या उतरल्या.

या घरची तुला इतरांसारखी नसते. बाकीचे लोक भराभर संत्री ओततात, टाळ्या वाजवतात आणि जेवायला बसतात. इथली रीत भैयाजींच्या वडिलांनी, चंपतरावांनी घालून दिलेली. ज्याचे उपकार असतील त्याचं नाव घ्यायचं, त्यानं काय केलं ते चारचौघांत सांगायचं, मगच त्याच्या नावाची टोपली पारड्यात पडायची. माणसाचं पारडं जमिनीवरून उचललं जाईपर्यंत नावं घेत राहायचं. आणि नंतर प्रत्येक टोपली त्या माणसाच्या दारी स्वतः नेऊन द्यायची.

भैयाजींच्या नातीला, सोनिकाला ग्राझहून येऊन दोनच दिवस झाले होते. तिथं ऑस्ट्रियात ती वृद्धाश्रमात नर्स होती. सदरमधल्या क्लासला जाऊन पोरीनं वर्षभर जर्मन घोटलं होतं आणि स्वतःच्या हिमतीवर गेली होती. तीन वर्षांनी घरी आली आणि आल्यापासून गप्प होती. तिची आई प्रेमिला वडाभाताचे वडे तळत होती, तेवढ्यात ती स्वयंपाकघरात आली.

"आई, गॅस बारीक कर अन् हे पाह्य."

"मले जर्मन येते का वं?"

"फोटो त पाह्यशील."

प्रेमिलानं हात पुसून कागद घेतला. गुळगुळीत रंगीत पत्रक. वर जळक्या भिंतीपुढं कमरेवर हात ठेवून उभे असलेले भैयाजी. घरच्या अल्बममधला त्र्याण्णव सालचा फोटो.

"अगं बाई, हे त आपले भैयाजी!"

"काय लिहून आहे सांगू? 'भारतातल्या कन्हान गावात एका कष्टाळू फळव्यापाऱ्याचं गोदाम मुसलमानांनी रातोरात जाळलं. आज तिथं, उद्या तुमच्या गावात.' तिकडच्या एका पक्षानं छापलं. सौरवदादा ज्या लोकांसंगं काम करते ना, त्याईच्यातलाच एक पक्ष."

"मंग? जाळलंच होतं ना." लग्न होऊन आल्यापासून प्रेमिला हेच ऐकत आली होती. सांगणारा नेहमी धर्मेंद्र, तिचा नवरा. भैयाजी मात्र गोदामाचं नाव निघालं की उठून अंगणातल्या पाण्याच्या मोटारीचं बटण पाहायला जायचे.

"आता उलटं कर. 'बाहेरून आणलेल्या नर्सा परत पाठवा. आमच्या म्हाताऱ्यांना आमच्याच माणसांचे हात हवेत.'"

"बाहेरून आणलेल्या म्हणजे कोण?"

"मी, आई."

वडा करपला. प्रेमिलानं तो काढून टाकला आणि गॅसच बंद केला. एक पोरगा परदेशात मोठ्या लोकांत उठतो-बसतो, एक पोरगी परदेशात कमावते, असं ती सगळ्या कॉलनीत सांगत फिरायची. एकाच कागदाच्या दोन बाजूंना आपलीच दोन लेकरं समोरासमोर उभी असतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"माह्यासंगं सेनादा नावाची बाई आहे," सोनिका म्हणाली. "बोस्नियाची मुसलमान. आमी रोज एकाच टेबलावर डबा खायचो. टपालपेटीतून हे तिनंच काढलं. माह्या फोनवर भैयाजींचा हाच फोटो तिनं पाहिला होता. म्हणाली, हे तुझे आजोबा ना? मी हो म्हटलं. ती काई बोलली नाई. दुसऱ्या दिवशीपासून डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसून राहिली." सोनिकानं आईच्या हातातला कागद परत घेतला. "मी तिले काय सांगू, आई? खरं काय ते मलेच माईत नाई."

आता सौरवला लगेच शिव्या घालू नका. व्हिएन्नात शिकायला गेला तेव्हा दोन वर्षं त्या पोराशी दुकानदाराखेरीज कोणी बोललं नव्हतं. मग एका व्याख्यानानंतर कोटटाय घातलेल्या माणसानं त्याचा हात हातात घेऊन विचारलं, तुमच्या घरच्यांनी काय काय सोसलं? परक्या गावात कोणीतरी त्याच्या आजोबांची चौकशी केली. पोरगा विरघळला, दुसरं काय होणार! त्या माणसाची संस्था देशोदेशीच्या असल्या पक्षांना एका हॉलमध्ये आणायची. त्यांची भाषा एक नाही, देव एक नाही, एकाचं जेवण दुसऱ्याला जात नाही. मुसलमानांवरचा राग मात्र सगळ्यांचा एक. तेवढ्यावर त्यांच्या परिषदा भरत, आणि भारतातून कोणाला बोलवायचं, इथं कोणाची कोणाशी गाठ घालून द्यायची, हे काम सौरवकडे आलं. गोदामाची गोष्ट त्यानंच दिली होती. खोटं बोलला नव्हता तो. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून जे ऐकलं, तेच त्यानं सांगितलं.

त्या परिषदेतले रायनर साहेब आज बैठकीतल्या सोफ्यावर बसून संत्रा बर्फी खात होते. वागायला अतिशय सभ्य माणूस. येता-जाता हात जोडत होते.

"भैयाजी, दोनच मिनिटं बोलाचं आहे," सौरव म्हणाला. "पारड्यात बसल्यावर. गोदाम कसं जाळलं ते तुमच्या तोंडून पाहिजे. हा व्हिडिओ सात देशांत दाखवणार आहेत."

"पेपरवालेबी येऊन राहिले," धर्मेंद्र खूश होता. औंदा महापालिकेचं तिकीट मिळेल अशी त्याला आशा होती. "वरच्या लोकाईनं मले स्वतः फोन केला. म्हणे, धर्मेंद्रभाऊ, तुमच्या घरी डायरेक्ट युरोपच येऊन राहिला!"

भैयाजींनी धोतराचा सोगा सारखा केला.

सोनिका आत आली आणि पत्रक त्यांच्या हातात देऊन तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं, दोन्ही बाजू. वाचून झाल्यावर रायनर साहेबांना जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. साहेब आधी चकित झाले, मग हसले आणि लांबलचक बोलले.

"काय म्हणाला?" सौरवनं विचारलं. त्याचं सगळं काम इंग्रजीत चालायचं. जर्मन त्याला दूध-पाव आणण्यापुरतं येत होतं.

"म्हणते, ते तुमच्यासारख्या चांगल्या मुलींबद्दल नाई. म्हणे मी अपवाद आहो." सोनिका भावाकडं वळली. "अन् तू बी अपवादच असशीन, दादा. इचारून पाह्य."

"सोना, राजकारणात असं थोडंबहुत चालते."

"थोडंबहुत म्हणजे मी का?"

"ए, आजच्या दिवशी भांडू नका," धर्मेंद्र म्हणाला. "गोष्ट खरी आहे ना? मंग कोणी का छापेना."

भैयाजी अजून पत्रक पाहत होते. "किती छापले असतीन वं हे?"

"लाखभर तरी, भैयाजी."

"लाखभर," ते म्हणाले आणि आंघोळीला जातो म्हणून उठले.

न्हाणीत बादली भरून वाहू लागली तरी भैयाजी पाटावर बसूनच होते. त्र्याण्णवच्या जानेवारीत ते कन्हानच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होते. दर गुरुवारी भजनानंतर भाषण द्यायचे. किती बायांनी त्यांच्या पाया पडून सांगितलं होतं, भैयाजी, तुमच्यामुळं आमच्या घरची दारू सुटली. आणि हा अध्यक्ष दुपारी जेवणाआधी गोदामामागं तणसाच्या ढिगाआड बसून एक बिडी ओढायचा. फक्त एक. त्या दिवशी धर्मेंद्र डबा घेऊन आला, त्याच्या सायकलची घंटी वाजली. एकोणीस वर्षांच्या पोरानं बापाच्या तोंडात बिडी पाहू नये म्हणून भैयाजींनी ती मागं भिरकावली. खोक्यांत भरायचं भाताचं वाळलेलं तणस ते. घास हातात होता तेवढ्यात आगीनं छत गाठलं.

दिवस वाईट होते. सगळ्या मुलखात दंगली पेटलेल्या. कोणीतरी म्हणालं, लतीफनं लावली. कामठीचा लतीफ गोदामात संत्र्यांच्या पेट्या ठोकायचा आणि ओल्या लाकडावरून आदल्याच दिवशी त्याची भैयाजींशी कचकच झाली होती. बत्तीस वर्षांत भैयाजींनी खरं कोणालाही सांगितलं नव्हतं. आता ते खोटं लाखभर घरांत छापून गेलं होतं. बिडी त्यांची, गप्प बसणं त्यांचं. नातवानं फक्त ते उचलून पुढं नेलं होतं. भैयाजींनी थंडगार पाण्याचा तांब्या डोक्यावर घेतला.

अंगणात साठ-सत्तर माणसं जमली. भैयाजी पारड्यात मांडी घालून बसले. समोर तीन पायांवर कॅमेरा, मागं रायनर साहेब. सौरवनं आजोबांच्या सदऱ्याला माईक लावला, बटण सारखं केलं आणि वाकून त्यांच्या पाया पडला. मनापासून पडला.

"पहिली टोपली आमच्या बाबाची," भैयाजींनी सुरुवात केली. "चंपतरावांची. त्याईनं मले कलम बांधाले शिकवलं. दुसरी कुसुमची. त्रेपन्न वर्सं माह्यासंगं राहिली, हेच किती मोठे उपकार!" लोक हसले. "तिसरी प्रेमिलाची. मी दवाखान्यात होतो तवा एकवीस दिवस ही पोरगी स्टुलावर झोपली. सून म्हणाची का माय म्हणाची, मले समजत नाई." प्रेमिलानं पदर तोंडाला लावला. "चौथी देवरावची. चाळीस वर्सं बाग त्यानं राखली, अन् नाव माह्यं झालं."

देवराव मागं कुठंतरी उभे होते, ते आणखी मागं सरकले.

"पाचवी माह्या सोनिकाची. आज सकाळी तिनं मले एक कागद वाचून दाखवला. लय वर्सांपासून कोणीतरी मले असं वाचून दाखवाले पाहिजे होतं."

पाच टोपल्या पडल्या. काटा थरथरला, पण भैयाजींचं पारडं जमिनीलाच होतं. आणखी एक टोपली लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. सौरवनं हळूच खूण केली. आता, भैयाजी. गोदाम.

भैयाजींनी दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या.

"सहावी लतीफभाईची. कामठीच्या. आमच्या गोदामात पेट्या ठोकायचा तो."

जुन्या लोकांनी एकमेकांकडं पाहिलं.

"गोदाम कोणी जाळलं, ते मले सांगाले लावलं आहे. मी जाळलं. भरदुपारी. बिडी पेत होतो मी, तणसामागं. व्यसनमुक्तीचा अध्यक्ष! धर्मेंद्रची घंटी वाजली अन् मी बिडी फेकली. लतीफभाईनं पाह्यलं. ठाण्यात त्यानं तेच सांगतलं, के साहेब, भैयाजीच्या बिडीनं लागली. साहेबानं मले इचारलं, काहो भैयाजी, तुमी बिडी पेता? मी काई बोललो नाई. मी नुसता हसलो. मंग साहेब हसला, मंग सगळे हसले. दोन दिवस त्याले कोंडून ठेवलं अन् सोडलं. पण त्या हसण्यापाई बाजारात कोणी त्याले पेटी ठोकाले लावली नाई."

"भैयाजी, बस करा," धर्मेंद्रचा चेहरा उतरला होता. "पेपरवाले आहेत. माह्या तिकिटाचं काय?"

"बोलू दे त्याईले!" कुसुमताईंचा आवाज एवढा चढलेला कोणी ऐकला नव्हता. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मले मालूम होतं. तुमच्या सदऱ्याले वास याचा. मीच धुवत होती ना! मीबी गप्पच राहिली."

"लतीफभाईचे उपकार हे," भैयाजी म्हणाले, "का आमच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात त्या दिवशी तो एकटा खरं बोलला. ते खरं बत्तीस वर्सं माह्या आतमध्ये जित्तं राह्यलं. त्याच्यानंच आज तोंड उघडलं. झालं. टाका टोपली."

कोणी हललं नाही.

रायनर साहेबांनी सौरवच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय म्हणाले? फार भावुक झालेले दिसतात.

सौरवला काहीही सांगता आलं असतं. साहेबांना मराठीचा गंध नव्हता. जर्मन येणारी बहीण दोन हातांवर उभी होती, पण तिनं मान खाली घातली होती. तिला बोलायचं नव्हतं, भावाला बोलू द्यायचं होतं. सौरवला व्हिएन्नातली आपली खोली आठवली, परिषदेतला तो हॉल, पहिल्यांदा हात हातात घेणारा तो माणूस. त्या लोकांनी जवळ केलं हे खोटं नव्हतं. पण त्यांनी जवळ केलं ते या गोष्टीसाठी, आणि ही गोष्टच खरी नव्हती.

"आमचं गोदाम माझ्या आजोबांच्या हातून जळलं," तो इंग्रजीत म्हणाला. "चुकून. बिडीनं. ज्याच्यावर आळ घेतला तो मुसलमान माणूस निर्दोष होता. तुम्हाला मी चुकीचं सांगितलं."

साहेबांनी कॅमेरा बंद केला. चिडले नाहीत ते. सावकाश म्हणाले, या वयात माणसाच्या आठवणी गडबडतात, आम्ही समजू शकतो. आणि पहिली हकीकत उत्तम आहे, छापूनही झाली आहे. तीच राहू द्या.

सौरव त्यांच्याकडं पाहत राहिला. खरं ऐकूनही ज्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही, अशा माणसाच्या शेजारी आपण दोन वर्षं बसत होतो.

"राहणार नाही," तो म्हणाला. "मी आजच सगळ्यांना लिहितो. सातही देशांना. माझ्या नावानं."

मग त्यानं स्वतः सहावी टोपली उचलली. पोराला ओझ्याची सवय नाही, वाटेत दोन संत्री घरंगळली. टोपली पारड्यात पडली आणि भैयाजी जमिनीवरून वीतभर वर उचलले गेले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. देवराव तेवढे पुढं आले आणि त्यांनी साखळी धरली, म्हातारा झोकांडू नये म्हणून.

रायनर साहेब सगळ्यांना हात जोडून सदरच्या हॉटेलात निघून गेले. धर्मेंद्र काट्याजवळ फोन कानाला लावून "नाई, नाई, तसं काई नाई" असं कोणाला तरी सांगत राहिला. प्रेमिला त्याच्यासाठी ताट वाढून थांबली, कारण कोणीतरी त्याच्याजवळही थांबायला हवं होतं. बाकीचे चौघं कामठीला निघाले. गाडी सौरवनं चालवली. वाटेत सोनिकानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "थँक्यू, दादा." तो म्हणाला, "तुलेच थँक्यू वं." एवढंच बोलणं झालं, पण मागं बसलेल्या कुसुमताईंना रडू आवरेना.

लतीफभाईचं घर विचारत विचारत सापडलं. पेट्यांचं काम सुटल्यावर त्यानं मिळेल ते केलं होतं. आता दोन मुलं वेल्डिंगचं दुकान चालवत होती. तो दारात खाटेवर बसून उन्हं घेत होता. अठ्ठ्याहत्तरीचा असेल, पण डोळे शाबूत होते. भैयाजी गाडीतून उतरले तसं त्यानं ओळखलं, आणि उठला नाही.

"लतीफभाई, मी..."

"पता है कौन है."

भैयाजींनी टोपली त्याच्या पायाशी ठेवली. "तुमी ठाण्यात सांगतलं ते खरं होतं. आग माह्याच बिडीनं लागली. मी हसलो, त्याच्यानं तुमचं वाटोळं झालं. आज मी घरी चार लोकांसमोर सांगून आलो. तुमचे उपकार..."

लतीफभाईनं टोपलीकडं पाहिलंसुद्धा नाही. "उस दिन ठाने में कितने लोग थे, भैयाजी?"

"दहा-बारा."

"और बाजार में कितनों को मालूम पड़ा?"

"सगळ्या बाजाराले."

"मेरी बीवी मरी तब तक मोहल्ले की औरतें उसको पूछती थीं, के तेरे आदमी ने आग लगाई थी क्या? और आप इधर मेरे कान में बोल रहे?"

भैयाजींची मान खाली गेली. सौरव पुढं होऊन काही बोलणार होता, कुसुमताईंनी त्याचा हात घट्ट धरला.

लतीफभाई खाटेचा आधार घेत सावकाश उठला. त्यानं आत वळून सुनेला हाक मारली, नातवंडांना बोलावलं. मुलांना दुकानातून आणायला एकाला पिटाळलं. मग समोरच्या दाराची कडी वाजवली, शेजारच्या दाराची वाजवली. पिठाच्या हातानं एक बाई बाहेर आली, सायकलवरून चाललेले दोघं थांबले.

माफ केलं असं तो म्हणाला नाही. पण जा असंही म्हणाला नाही, दार लावलं नाही, आणि तेवढ्यानंच भैयाजींचे डोळे भरून आले. आयुष्यात एवढा मोठा आधार त्यांना कोणी दिला नव्हता. त्यांना वाटलं आता बोलावं, आणि त्यांनी घसा खाकरला.

"रुको," लतीफभाई म्हणाला. "सब को आने दो."

"रुकतो, लतीफभाई," भैयाजींनी हात जोडले. "रुकतो ना."

वेल्डिंगच्या दुकानातून मुलं धावत आली. गल्ली भरली. लतीफभाई पुन्हा खाटेवर बसला, नातीला त्यानं मांडीवर घेतलं आणि मान हलवली. भैयाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि शेवटच्या दारातल्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.